गोठ्याच्या सांडपाण्यासाठी शेवाळ आणि वनस्पती: या चुका टाळा

गोठा धुतला की शेण, मूत्र आणि सांडलेलं खाद्य पाण्याबरोबर वाहून जातं. त्यातला नत्र आणि स्फुरद ओढ्यात उतरला तर तिथल्या माशांच्या जिवावर उठतो, पण शेवाळाचं आणि पाणवनस्पतींचं तेच अन्न आहे. म्हणून टाकीत वाढवून हे सांडपाणी शुद्ध करायला ही जोडी खरोखर कामाची. तरीही सुरुवातीलाच शेवाळ पिवळं पडतं, झाडांची मुळं कुजतात आणि ‘हे काही चालत नाही’ म्हणून टाकी सोडून दिली जाते. याचं मला फार वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा शेवाळाचा नसतोच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कच्चं पाणी थेट शेवाळाच्या टाकीत सोडणं. ते इतकं गडद आणि गढूळ असतं की उजेड वरच्या थरातच अडतो. त्याहून मोठी अडचण अमोनियाची. पाण्यात तो दोन रूपांत असतो: अमोनियम, जो शेवाळ खातं, आणि मुक्त अमोनिया, जो त्याला मारतो. २५ अंश सेल्सिअसला सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे त्याचं माप) ७ असेल तर मुक्त अमोनिया एक टक्क्याहूनही कमी असतो, सामू ९ झाला की एक तृतीयांशाच्या वर जातो. आणि सामू वाढवतं कोण? शेवाळ स्वतःच. उन्हात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे सकाळी निर्धोक असलेलं पाणी दुपारी विषारी होऊ शकतं. शिवाय सामू चढल्यावर बराच अमोनिया हवेत उडतो. तपासणीत नत्र घटलेला दिसतो, पण ते शुद्धीकरण नाही, प्रदूषण फक्त पाण्यातून हवेत गेलेलं असतं.

म्हणून आधी चोथा गाळून काढा, उरलेला गाळ खाली बसू द्या, मग शुद्ध झालेलंच पाणी परत मिसळून पातळ करा. सुरुवात थोड्या पाण्याने करावी आणि हिरवा रंग गडद होत जाईल तशी मात्रा वाढवावी. सामू दुपारी मोजावा.

दुसरी चूक: शेवाळ आणि तरंगत्या वनस्पती एकाच टाकीत. डकवीड (इवल्या पानांची तरंगती वनस्पती) किंवा जलपर्णीने पृष्ठभाग झाकला की खालचं शेवाळ उजेडावाचून मरतं. शेवाळाची टाकी उथळ, साधारण २० ते ३० सेंटिमीटर खोल ठेवा. तिथून पाणी निवळणीच्या हौदात आणि मग खडीच्या वाफ्यात, पाणकणीस, कर्दळ किंवा वाळ्याच्या मुळांकडे जाऊ द्या. मधला हौद वगळला तर खडी तुंबते आणि पाणी वरूनच वाहू लागतं. डकवीड शेवाळानंतरच्या हौदात मात्र उपयोगी पडतं, कारण निसटून आलेलं शेवाळ त्याच्या सावलीत वाढत नाही. जलपर्णी उघड्या तळ्यात वा ओढ्यात जाणार नाही याची खात्री नसेल तर ती लावूच नये.

शेवाळ अचानक गेलं, तर आधी आदल्या दिवशी गोठ्यात काय झालं ते आठवा. खुरांच्या रोगासाठी जनावरांचे पाय मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) पाण्यात बुडवतात. ते पाणी गटारात ओतलं की तांबं शेवाळाला मारतं. जंतुनाशकांचंही तेच. ही पाणी वेगळी काढा. हिरवं पाणी दोन-तीन दिवसांत नितळ झालं आणि भिंगातून इवले जीव वळवळताना दिसले, तर ते शेवाळ खाणारे रोटिफर किंवा डाफ्निया आहेत. अशा वेळी नव्याने सुरुवात करण्यासाठी शेवाळाचं थोडं विरजण नेहमी वेगळ्या भांड्यात राखून ठेवावं.

नितळ पाणी म्हणजे स्वच्छ पाणी, असं समजू नका. नायट्रेटला रंग नसतो, तपासणीशिवाय ते कळत नाही. विरघळलेला ऑक्सिजन पहाटे मोजा, कारण रात्रभर शेवाळही श्वासोच्छ्वासात तो वापरतं.

कापणी तर अजिबात टाळू नका. मेलेलं शेवाळ आणि सडलेली पानं घेतलेला नत्र परत पाण्यात सोडतात. काढलेला पाला मात्र थेट जनावरांपुढे टाकू नये: त्यात रोगजंतू, जड धातू आणि जास्त नायट्रेट असू शकतं. तपासणी होईपर्यंत त्याचं कंपोस्टच करावं.