कर्तव्यपथावर जायचंय? आधी नावाची चिठ्ठी करा

दिल्लीत कर्तव्यपथावर इंडिया गेट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे; तिथे कोरलेलं आपल्या वीरमरण आलेल्या माणसाचं नाव बघायला निघालात तर हे वाचा. कोल्हापूरहून थेट दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनची गाडी आठवड्यातून एकदाच, त्यामुळे तारीख गाडीच ठरवते. जानेवारी तेवढा टाळा; २६ तारखेच्या संचलनाच्या तालमी लागल्या की रस्ता कधी बंद होईल नेम नसतो. ओळखपत्र, पाणी, टोपी हे सांगायला नको. नवी कोल्हापुरी मात्र घालू नका. सेंट्रल सेक्रेटरिएट मेट्रोपासून इंडिया गेटच दोनेक किलोमीटर, स्मारकातली चाल वेगळी. चप्पल चावेल ती चावेल, वर त्या शांततेत करकर वाजेल.

आता मुख्य काम, नावाची चिठ्ठी. गेल्या खेपेला नेमकी हीच राहिली. ज्याचं नाव बघायला निघालात त्याचा आर्मी नंबर, हुद्दा, रेजिमेंट, बटालियन, वीरमरणाचं साल, आणि नाव पलटणीच्या कागदावर जसं होतं तसंच. घरचा ‘बापू’ तिथे चालत नाही. राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्याग चक्रात पंचवीस हजारांवर नावं आहेत, ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक. ‘पाटील, मराठा’ एवढ्यावर काय हुडकणार? शोधायला स्क्रीन आहेत, पण त्यांनाही नाव नीटच लागतं. पेन्शनच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, नंबर असतो. तो नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, नाहीतर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. महिनाभर आधी, गाडीत बसल्यावर नव्हे!

लढाई कुठली, तेही चिठ्ठीवर हवं. इंडिया गेटवरची तेराएक हजार नावं १९१४ ते १९२१ मधली, म्हणजे पहिलं महायुद्ध आणि तिसरं अफगाण युद्ध. नव्या स्मारकात स्वातंत्र्यानंतरची. दुसरं महायुद्ध दोन्हीकडे नाही. पणजोबा इटलीत पडले असतील तर इथल्या भिंतींपुढे म्हाताऱ्या माणसांना ताटकळत ठेवू नका. गावात ‘इतके लोक महायुद्धावर गेले, इतके मेले’ अशी संगमरवरी पाटी असेल तर तिच्यावर बहुधा आकडेच असतात, नावं नाहीत. चिठ्ठीचं काम तिच्यानं भागत नाही. इंडिया गेट ४२ मीटर उंच, दुर्बीण घ्या.

बाकी थोडक्यात. स्मारकाला तिकीट नाही. फुलं वाहायची असतील तर आधी विचारा. परम योद्धा स्थळी परमवीर चक्र मिळालेल्यांचे २१ अर्धपुतळे आहेत, अर्धा तास धरा. सूर्यास्ताआधी रिट्रीट, म्हणजे ध्वज उतरवायचा सोहळा, असते, वेळेत जागेवर या. आणि चिठ्ठीच्या दोन प्रती: एक खिशात, एक मोबाइलमध्ये फोटो काढून. बॅगेत नको.