प्राण्याला छळल्याची केस अंगावर आली तर आधी काय काय गोळा करायचं

पहिली चूक होते ती दारातच. तपासाला माणसं येतात आणि आपण घाबरून बोलत सुटतो, "अहो तो दोन दिवस खातच नाहीये", आणि पुढे कागदावर तेच येतं की जनावर दोन दिवस उपाशी आहे हे मालकाला माहीत होतं तरी डॉक्टरकडे नेलं नाही. म्हणून नाव-पत्ता सांगायचा, अडवाअडवी करायची नाही, बाकीचं वकिलासमोर बोलतो म्हणायचं आणि न वाचता कशावरही सही करायची नाही. विशेषतः जनावराचा ताबा कायमचा सोडतोय अशा फॉर्मवर तर अजिबातच नाही, "सही केली की सुटाल" असं कोणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी. जनावर उचलून नेलं असेल तर ते परत मागायची मुदत बऱ्याच ठिकाणी फार कमी असते आणि ती भानगड मूळ केसपेक्षा वेगळी चालते, त्यामुळे फौजदारी केसेस चालवणारा वकील त्याच दिवशी गाठा.

मोबाईलमधलं काहीही डिलीट करू नका, लाज वाटेल असं असलं तरी. पुरावा नष्ट केला म्हणून वेगळंच लफडं मागे लागतं. फोटो वकिलाला व्हॉट्सॲपवर ढकलू नका, त्यात फोटोची मूळ तारीख वगैरे माहिती उडते, ओरिजिनल फाईल्स पेनड्राइव्हवर द्या.

मग कागद. लसीचं कार्ड, जंताच्या औषधाच्या चिठ्ठ्या, खाण्याची बिलं, ऑनलाइन ऑर्डरी, डॉक्टरशी झालेलं चॅट, सगळं तारखेनुसार लावा. क्लिनिककडून त्यांच्याकडचं पूर्ण रेकॉर्ड मागून घ्या, कारण तिथे बहुतेक प्रत्येक व्हिजिटला वजन लिहिलेलं असतं आणि ते आकडे एका खाली एक मांडले की वजन हळूहळू उतरलं की एकदम, हे कोणालाही दिसतं.

खरी केस लढली जाते ती मात्र आपल्या बाजूने तपासणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरच्या रिपोर्टवर. केस करणाऱ्यांच्या बाजूचा डॉक्टर जनावर किती सुकलंय की भरलंय याला १ ते ९ मध्ये मार्क देतो, कुत्र्याला ४-५ म्हणजे ठीक, १ म्हणजे नुसता सापळा. पण सापळा का झाला ते हा आकडा सांगत नाही! स्वादुपिंडात पाचक रस पुरेसे बनत नसले तर कुत्रा हावरटासारखा खातो आणि तरी सुकत जातो, ते टीएलआय नावाच्या रक्ततपासणीत कळतं. म्हाताऱ्या मांजराचं थायरॉइड वाढलं की तेच. अंगावर काळेनिळे डाग असतील तर प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची टेस्ट करून घ्या, उंदराचं औषध पोटात गेलं तरी असे डाग येतात. पिल्लू नुसत्या मांसावर वाढवलं तर हाडं इतकी कच्ची राहतात की साध्या उडीनेही मोडतात. हे शेवटचं मात्र दुधारी आहे, मारहाण नाही हे सिद्ध होईल पण खायला चुकीचं घातलं हे कबूल करावं लागेल, ते वकिलाला ठरवू दे. वकिलाला मात्र सगळं खरं सांगा, खरंच हात उचलला असेल तर तेही. कोर्टात पहिल्यांदा ऐकायला मिळालं तर तो तरी काय करणार.

जनावर मेलं असेल तर पोस्टमॉर्टेम होईपर्यंत शव थंड ठेवायचं, पण फ्रीझरमध्ये नाही, गोठलं की पेशी फुटतात आणि मायक्रोस्कोपखाली नीट काही दिसत नाही.

साक्षीदार म्हणून "फार प्रेमळ आहेत हो" म्हणणारे नातेवाईक नकोत, रोज फिरवायला नेणारा किंवा पाण्याचं भांडं भरलेलं बघणारा शेजारी हवा. आणि घरात अजून जनावरं असतील तर त्याच आठवड्यात त्यांचीही तपासणी करून वजनासकट लेखी घ्या, कारण तेच खाणं खाऊन बाकीची दोन गुटगुटीत असतील तर मग या एकट्यालाच काय झालं होतं हे समोरच्यांना शोधावं लागतं.