कावीचे पिक्सेल शिफ्ट फोटो प्रोसेस करायला बसण्याआधी

गोव्यातल्या मोरजीच्या मोरजाईसारख्या देवळातल्या कावीचे (भिंतीवरच्या तांबड्या-पांढऱ्या नक्षीचे) फोटो पेंटॅक्स के-१ किंवा के-७० कॅमेऱ्यावर पिक्सेल शिफ्टने (एका फोटोसाठी चार फ्रेम्स घेऊन) काढून आणले असतील, तर रॉ फोटो प्रोसेस करायचे रॉथेरपी हे सॉफ्टवेअर उघडल्यावर सगळ्यात आधी 'रॉ' टॅबवर जा आणि डिमोझेइकिंगची (सेन्सरच्या मोजणीतून पूर्ण रंगाचे चित्र तयार करण्याची) पद्धत 'पिक्सेल शिफ्ट' आहे ना ते बघा. मागच्या वेळी माझ्याकडून नेमके हेच राहिले आणि सगळी खेप एकेका फ्रेमवरूनच बाहेर पडली. ही चूक लक्षातही येत नाही, कारण चार फ्रेम्स एकत्र आल्या तरी के-१ चा फोटो ७३६० बाय ४९१२ चाच राहतो. आकडा बघून काही कळत नाही. पद्धतच बघावी लागते.

चूक बहुतेक वेळा प्रोफाइल, म्हणजे एका फोटोच्या सेटिंग्ज, दुसऱ्यावर चिकटवताना होते. साध्या फोटोवर रंग आणि उजेड जुळवला, ते प्रोफाइल उचलून पिक्सेल शिफ्टच्या फायलींवर टाकले, की त्यासोबत साध्या फोटोची डिमोझेइकिंग पद्धतही येऊन बसते. म्हणून कंट्रोल-व्ही नको. कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा आणि यादीतून रॉचा भाग काढून टाका. तरीही नंतर पद्धत बघाच.

एवढा आग्रह कावीसाठीच आहे. चुन्याच्या गिलाव्यावर काव (तांबड्या मातीचा रंग) चढवायची आणि ती खरवडून खालचा पांढरा काढायचा, म्हणजे सगळे काम तांबड्या-पांढऱ्या बारीक कडांचे. साध्या फोटोत तांबडा रंग चारातल्या एकाच पिक्सेलवर मोजला जातो, बाकी तीन ठिकाणी तो अंदाजाने भरला जातो. पिक्सेल शिफ्टमध्ये सेन्सर एकेक पिक्सेल सरकतो आणि प्रत्येक जागी तांबडा, निळा आणि दोनदा हिरवा खरा मोजून मिळतो. एका फ्रेमवर काम केलेत तर खरवडलेल्या रेषेचा काठ पुसट होतो आणि त्यावर खोटे रंग चढतात. मग एवढा ट्रायपॉड वाहून नेल्याचा उपयोग काय?

मेमरी भरपूर आणि डिस्क मोकळी हवी. फाइल साध्या रॉच्या जवळजवळ चौपट असते. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून यूपीएस लावा. डार्कटेबल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बसू नका, ते चारही फ्रेम्स जोडत नाही. सोनीवाल्यांनी चार वेगळ्या एआरडब्ल्यू फायली आधी जोडून त्यांची एकच एआरक्यू फाइल करून घ्यावी. ऑलिंपसचा कॅमेरा हाय-रेझची जोडणी स्वतःच करतो, त्यामुळे ती ओआरएफ फाइल नेहमीसारखी उघडा. सोबतची ओआरआय ही एकच साधी फ्रेम असते, तिच्यावर राबत बसू नका.

आता हालचाल. भिंत हलत नाही, पण पंख्याच्या वाऱ्याने तोरण हलते, समईची ज्योत हलते, मध्येच कोणी घंटा वाजवते. 'मोशन करेक्शन' ऑटोमॅटिकवर ठेवा, हललेले भाग हिरवे दाखवणारा 'शो मोशन मास्क' लावा आणि १०० टक्के झूमवर कोपरान् कोपरा फिरा. हिरवे दिसेल तिथे चार फ्रेम्सऐवजी एकाच फ्रेमचे चित्र वापरले जाते. ती कोणती हे 'सब-इमेज'मध्ये ठरते, तेव्हा तोरण जिथे बरे दिसते ती निवडा. सगळी भिंतच हिरवी झाली तर ट्रायपॉड हललेला आहे, त्या फोटोवर वेळ घालवू नका. हिरवे नसूनही कडांवर जाळीसारखी नक्षी दिसली तर मास्क कमी पडतो आहे. कस्टमवर जाऊन तो वाढवा. बघून झाल्यावर मास्क बंद करा.

चार फ्रेम्समध्ये ढगाने उजेड बदलला असेल तरच फ्रेम्सची ब्राइटनेस समान करणारा पर्याय लावा. जळलेल्या पांढऱ्यावर त्याने गुलाबी झाक येऊ शकते. फ्लॅट-फील्ड (कडांचा काळोख काढण्यासाठी घेतलेला कोरा फोटो) असेल तर तो त्याच लेन्सचा आणि त्याच अॅपर्चरचा हवा.

नॉइज रिडक्शन सवयीने लावू नका. शार्पनिंगची त्रिज्या कमी ठेवा. व्हाइट बॅलन्स करड्या कार्डावरून घ्या, चुन्यावरून नको, तो पिवळा पडलेला असतो.

निर्यात १६-बिट टिफमध्ये, कॉम्प्रेशन न लावता. के-१ चा एक फोटो सुमारे २१७ एमबी.

निर्यातीची रांग सुरू करण्याआधी पीपी३ फायलींमध्ये (प्रत्येक फोटोच्या सेटिंग्ज यांत साठतात) 'पिक्सेलशिफ्ट' हा शब्द सगळ्या लहान इंग्रजी अक्षरांत शोधा. मोठ्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या तशाच ओळी प्रत्येक फायलीत असतात, त्या धरू नका. 'मेथड'समोर तो शब्द नसेल ती फाइल परत उघडा आणि पद्धत बदला. मगच रांग सोडा.