मानक समिती एका कंपनीच्या खिशात जाऊ नये म्हणून

मालाचे तांत्रिक नियम, म्हणजे मानकं, ठरवणाऱ्या समितीची आधी मतदार यादी बघा. १९८० साली अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेपुढे वायरिंगसाठी प्लॅस्टिकच्या नळ्यांना मान्यता देण्याचा प्रस्ताव होता. पोलादी नळ्या बनवणाऱ्यांनी २३० माणसं सभासद करून सभेला बसवली आणि प्रस्ताव ३९० विरुद्ध ३९४ मतांनी पडला. नियम म्हणाल, तर एकही मोडला नव्हता.

म्हणून सभासद झाल्या दिवशीच मताचा हक्क देऊ नका. आधीच्या पाचपैकी तीन बैठकांना हजेरी, अशी काहीतरी अट घाला. मतं माणशी न मोजता मालकागणिक मोजा. उपकंपन्या आणि कंपनी ज्यांची बिलं भरते ते सल्लागार, सगळे एकाच खात्यात. निसटतात ते हे सल्लागारच, 'स्वतंत्र तज्ज्ञ' ही पाटी लावून. 'नोकरी कुठे?' एवढं विचारून ते सापडत नाहीत. 'या कामाच्या तासांचे आणि प्रवासाचे पैसे कोण देतं?' हा रकाना अर्जात ठेवा आणि उत्तर दर इतिवृत्तात नावापुढे छापा. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या नेमणूक समितीत मताधिकार असलेले १० जण सोडतीने निवडतात. एका कंपनीचे दोनपेक्षा जास्त चालत नाहीत.

मतदानावर सगळ्यांचा डोळा असतो, मानकाचा अर्थ विचारणाऱ्या पत्रांवर कुणाचाच नसतो. १९७१ मध्ये एएसएमई या अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेकडे बॉयलरमधलं पाणी कमी झाल्यावर इंधन तोडणाऱ्या उपकरणाबद्दल असंच एक पत्र आलं. ते पत्र तयार करण्यात ज्या उपसमिती अध्यक्षाचा हात होता, उत्तरही त्यानेच लिहिलं. ते उत्तर दाखवून, पत्र पाठवणाऱ्या कंपनीच्या हायड्रोलेव्हल या प्रतिस्पर्ध्याचा माल असुरक्षित असल्याचं गिऱ्हाइकांना सांगण्यात आलं. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जबाबदार धरलं ते खुद्द संस्थेला. तेव्हा अशा उत्तरावर वेगवेगळ्या मालकांच्या दोघांच्या सह्या हव्यात, आणि ज्याचा माल त्या कलमाखाली येतो त्याने पेन हातात घ्यायचं नाही.

पेटंटचा नियम मोघम ठेवलात तर तो कोर्टात टिकत नाही. मेमरी चिपचं तंत्रज्ञान बनवणाऱ्या रॅम्बस कंपनीने, त्या चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या बैठकांत बसून आपले पेटंट अर्ज उघड केले नाहीत, असा आरोप होता. २००३ मध्ये अपील न्यायालयाने जेडेकच्या धोरणातच नेमक्या तपशिलांचा अभाव असल्याचं नोंदवलं आणि फसवणुकीचा ठपका पुसला गेला. नियमात स्पष्ट लिहा: मंजूर पेटंटच की प्रलंबित अर्जही, फक्त हजर प्रतिनिधीला माहीत असलेले की कंपनीकडचे सगळे, आणि मसुदा आल्यापासून किती दिवसांत. मुदत चुकली तर रॉयल्टी मागता येणार नाही, हे प्रवेशाच्या करारातच सही करून घ्या; नंतर कोणी सही देत नाही.