मुलांना फुटबॉलची रचना शिकवताना: पुण्यातल्या नव्या कोचसाठी

कोचिंगमध्ये नवीन येणारे बरेच जण सगळ्यात आधी रचना, म्हणजे कोणी कुठे उभं राहायचं, ते दाखवायचा चुंबकी बोर्ड विकत घेतात. माझं ऐकाल तर ते पैसे फक्की आणि कोनवर घाला. दहा वर्षांच्या मुलाला बोर्डावरची रचना कळते, पण मैदानावर त्याला स्वतःची टीम वरून थोडीच दिसते? त्याला दिसतो चेंडू, आणि फार तर शेजारचा मित्र. म्हणून मी रचना शेजाऱ्यापासूनच्या अंतराने शिकवतो. आकडे नंतर.

आठ वर्षांखालच्या मुलांना रचना शिकवूच नका. ती घोळक्याने चेंडूमागे धावतात, धावू द्या. तीन नंबरचा, म्हणजे लहान आकाराचा चेंडू द्या, चार-चार जणांचे सामने लावा, पाय चेंडूला जितके जास्त लागतील तितकं बरं. त्यानंतर पाच-पाचच्या खेळात १-२-१, सात-सातला २-३-१, नऊ-नऊला ३-२-३. आकडे मागून पुढे वाचायचे: आधी बॅक म्हणजे बचाव करणारे, मग मिडफिल्डर म्हणजे मधले, शेवटी पुढचे. गोलकीपर यात धरत नाहीत. मला स्वतःला २-३-१ सगळ्यात आवडते, कारण तीत पाससाठी त्रिकोण आपोआप तयार होतात. पुढे अकरा जणांच्या ४-३-३ मध्ये २-३-१ मधले हेच दोन बॅक मधले बॅक होतात आणि बाकीची रचना त्यांच्याभोवती वाढते.

आता मुख्य ड्रिल. अर्ध्या मैदानावर फक्कीने तीन उभे पट्टे आखा. सात मुलं उतरवा, समोर कोणीच नको. चेंडू तुमच्या हातात. तुम्ही उजव्या पट्ट्यात गेलात की टीमने सरकायचं. हुकूम दोनच. ‘पसरा’ म्हणजे चेंडू आपला, प्रत्येक पट्ट्यात निदान एक जण हवा. ‘आवळा’ म्हणजे चेंडू त्यांचा, लांबचा पट्टा रिकामा सोडून सगळे आत. शेजाऱ्यापासून अंतर दहा-बारा पावलं, आवळताना त्याच्या निम्मं. सुरुवातीला लांबच्या बाजूचा मुलगा हमखास जागेवर उभा राहतो, कारण चेंडू आपल्याकडे नाही म्हणजे आपलं काम नाही असं त्याला वाटतं. खरं तर हे ड्रिल त्याच्यासाठीच आहे, तेव्हा नजर चेंडूवर न ठेवता त्याच्यावर ठेवा.

दहा मिनिटांत कोणीतरी विचारतंच, “सर, समोर कोणी नाहीये, मग पळायचं कशाला?” प्रश्न रास्त आहे. लगेच तीन विरोधक उतरवा.

दुसरं ड्रिल गोलकिकचं, म्हणजे समोरच्यांनी चेंडू गोलरेषेबाहेर घालवला की आपल्या गोलजवळून जी किक मिळते तिचं. २०१९पासून गोलकिकचा चेंडू पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या बाहेर जायची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे कीपर आतच बॅकला पास देऊ शकतो. कीपर, दोन बॅक आणि तीन मिडफिल्डर असे सहा एका बाजूला, समोर चार. सहांनी चेंडू खेळवत मध्यरेषेवरच्या दोन छोट्या कोन-गेटांपैकी एकातून पास काढायचा. चौघांनी हिसकावला तर त्यांनी थेट गोलवर मारायचा. सुरुवातीला फुकटचे गोल बसतात आणि बाहेरून पालक ओरडतात, “अरे, मार ना पुढे!” सीझन सुरू होण्याआधीच पालकांची एक बैठक घ्या आणि हे ड्रिल त्यांना समजावून सांगा. नाहीतर मुलगा तुमचं ऐकणार की बाबांचं?

खेळ थांबवून चूक दाखवायची तर सरावाच्या एका सामन्यात दोन-तीनदाच. लांबलचक भाषण नको. “तुझ्या सगळ्यात जवळ कोण आहे? किती पावलांवर?” एवढं विचारलं की मूल स्वतःच सरकतं. आणि जागा बदलत राहा. उंच म्हणून बॅक, जाडा म्हणून कीपर, ही वाटणी बाराव्या वर्षी कायमची करणारे कोच मला पटत नाहीत.

पुण्यात मैदान ही वेगळीच कसरत. मुरमाड मैदानाच्या एका कोपऱ्यात तुम्ही, उरलेल्या जागेत क्रिकेट. भाड्याच्या पाच-पाचच्या टर्फवर २-३-१ कोंबू नका, तिथे १-२-१ पुरे. सुब्रतो चषक या शालेय स्पर्धेच्या जिल्हा फेऱ्या ऐन पावसाळ्यात येतात. चिखलात जमिनीवरचा पास मध्येच थांबतो, तेव्हा अंतर सहा-सात पावलांवर आणा. २०१४ ते २०१९ या काळात बालेवाडीच्या स्टेडियमवर एफसी पुणे सिटी या व्यावसायिक क्लबचे सामने असायचे. गॅलरीत वर बसलं की अख्खी टीम सरकताना दिसायची, मुलांना वेगळं सांगावं लागत नसे. आता स्थानिक लीगचा सामना दाखवायला न्याल तेव्हा उंच पायऱ्या शोधून बसा.

कोचच्या लायसन्सचं म्हणाल तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची खालून वर ई, डी, सी, बी, ए अशी शिडी आहे. महाराष्ट्रातले कोर्स वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत होतात, तिथल्या घोषणांवर लक्ष ठेवा. फक्त शाळेच्या नोकरीवर भागेलच असं नाही. सकाळी शाळा, संध्याकाळी अकादमी, शनिवार-रविवारी सामने असा दिवस धरून चाला. शाळा बऱ्याचदा डेमो सेशन मागतात. होकार देण्याआधी विचारून घ्या: मुलं किती, कोणत्या वयाची, आणि त्या तासाला मैदानाचा कोणता भाग खरोखर मोकळा असेल.