स्कॅनरवर कोड आला, आता मल्टिमीटर उचला

ठाण्यात वागळे इस्टेटला किंवा नवी मुंबईत तुर्भ्याला गॅरेजात नव्याने लागलेल्या मुलांच्या हाती हल्ली लवकरच स्कॅनर येतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला तो जोडायचा, कोड वाचायचा आणि कोडाच्या नावात जो सेन्सर दिसेल तो बदलायचा, अशी सवय लागते. ही सवय गिऱ्हाईकाला महाग पडते आणि शिकणाऱ्याचं शिक्षण तिथेच थांबवते. कोणता पार्ट गेला हे कोड सांगत नाही. इंजिनच्या कंट्रोल युनिटला कोणतं माप अपेक्षेबाहेर दिसलं, एवढंच तो सांगतो. त्यामागे सेन्सर असेल, तुटलेली वायर असेल, सैल अर्थिंग असेल. किंवा सेन्सर खरंच बोलत असेल आणि बिघाड इंजिनात असेल.

कोडाची रचना सोपी आहे. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी बॉडी, सी चॅसिस, यू म्हणजे युनिटांमधला संवाद. पुढचा आकडा शून्य असेल तर बहुतेक वेळा कोडाचा अर्थ सगळ्या कंपन्यांना सारखा. एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा, आणि त्यासाठी त्याच गाडीचं मॅन्युअल हवं.

कोड उडवण्याआधी तो लिहून घ्या आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. कोड पडला त्या क्षणी आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान आणि वेग किती होता, ते तिथे साठवलेलं असतं. कोड उडवला की हे सगळं पुसलं जातं.

मग बॅटरी. गाडी बंद असताना १२.४ व्होल्टच्या वर, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली नाही, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. त्यानंतर हेडलाइट आणि एसी चालू ठेवून बॅटरीची मायनस आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. ते ०.१ च्या आसपास असायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंगची पट्टी काढून घासा, मगच पुढे जा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम आले असतील तर उत्तर बहुधा इथेच मिळतं. इथे नसेल तर सेन्सरांना जाणारा सामायिक ५ व्होल्टचा पुरवठा तपासा. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला की तो पुरवठा खाली ओढतो आणि बाकीचे सगळे खोटं बोलू लागतात. मीटर लावून ठेवा, एकेका सेन्सरचा कपलर (वायरिंगचा जोड) काढत जा. ज्याच्या काढण्याने ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी.

कूलंट सेन्सरचा पी०११८ हा शिकायला उत्तम कोड. लाइव्ह डेटात तापमान उणे ४० दिसतं, म्हणजे सर्किट उघडं आहे. दोन तारांच्या त्या सेन्सरचा कपलर काढा आणि वायरिंगच्या बाजूच्या दोन्ही पिना एका वायरने जोडा. आकडा १३०च्या आसपास किंवा त्यावर उडाला तर वायरिंग आणि कंट्रोल युनिट ठीक, सेन्सर बदला. उणे ४० वरच राहिला तर सेन्सर बदलून काही होणार नाही, तार तुटली आहे. पी०११७ मध्ये उलटं: आकडा आधीच खूप वर असतो, कपलर काढल्यावर तो उणे ४० ला यायला हवा. नाही आला तर तार कुठेतरी बॉडीला लागली आहे. ही जोडणी तीन तारांच्या सेन्सरवर कधीही करू नका. ५ व्होल्टचा पुरवठा थेट अर्थला जाईल.

आपल्याकडे सीएनजी गाड्या भरपूर, त्यामुळे 'गाडी मिसिंग मारते' ही तक्रार आणि पी०३०१ ते पी०३०४ (शेवटचा आकडा सिलिंडरचा) हे कोड नेहमीचे. आधी पेट्रोलवर चालवून पाहा. मिसिंग फक्त गॅसवर असेल तर गॅस इंजेक्टर संशयित, पण त्याआधी प्लग. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल पेट्रोलवर तग धरते आणि गॅसवर उघडी पडते. कोड पी०३०१ असेल तर पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. नाही हलला तर प्लगची अदलाबदल करा, आणि तरीही जागचा हलला नाही तर कम्प्रेशन मोजा. कमी आलं तर सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा: वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर बहुधा व्हॉल्व्ह. गॅसवर वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीट झिजून टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्हच्या वरची मोकळी जागा) कमी होतो, तो मोजायला विसरू नका. चेक लाइट लुकलुकत असेल तर ती गाडी चालवत आणायला सांगू नका; न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं.

पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत फ्युएल ट्रिम (कंट्रोल युनिट इंधन किती टक्के वाढवतं किंवा घटवतं तो आकडा) आयडलला अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ४ झाला तर थ्रॉटलनंतर कुठूनतरी हवा शिरते आहे. रेस वाढवल्यावर ट्रिमही वाढत गेला तर इंधनाचा फिल्टर, पंप किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर. फक्त मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या छोट्या गाड्यांत हवेची गळती अशी दिसत नाही. तिथे बहुतेकदा आयडल चढलेला मिळतो.

पावसाळ्यात सेन्सरपेक्षा कपलर जास्त खराब होतात. हिरवट झालेली पिन, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग हे डोळ्यांनीच दिसतं. मोजताना तारेला सुई टोचू नका. त्या भोकातून ओल शिरते आणि काही महिन्यांनी तार आतून सडते. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजा.

आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल ट्रेड दोन वर्षांचा आहे. त्या काळात वायरिंग डायग्राम वाचायला आणि व्होल्टेज ड्रॉप मोजायला शिकलात, तर महागडा स्कॅनर नसतानाही तुम्ही गॅरेजात उपयोगी पडाल.

दुरुस्तीनंतर कोड उडवला आणि लाइट बंद झाली, याने काहीच सिद्ध होत नाही. गाडीच्या स्वतःच्या तपासण्या तेव्हा शून्यापासून सुरू होतात. फ्रीझ फ्रेममधली परिस्थिती पुन्हा निर्माण करा. कोड जास्त लोडवर पडला असेल तर गॅरेजभोवतीच्या फेरीत तो येणार नाही. घोडबंदर रोडने गायमुखचा चढ चढवा. परत आल्यावर स्कॅनरमध्ये पेंडिंग कोड, म्हणजे अजून पक्के न झालेले कोड, बघा. तिथे काही नसेल आणि तपासण्या पूर्ण झालेल्या दिसत असतील, तेव्हाच चावी गिऱ्हाईकाला द्या.