हिटलर ख्रिस्ती होता का : हा वाद कसा घालावा

अ‍ॅडॉल्फ हिटलरच्या धर्मश्रद्धेचा विषय निघाला की वादाची दोन टोके ठरलेली असतात. एका बाजूने त्याचा बाप्तिस्मा, भाषणांतील येशूचे उल्लेख आणि व्हॅटिकनशी केलेला करार पुढे केला जातो; दुसऱ्या बाजूने त्याने खासगीत चर्चविषयी काढलेले विखारी उद्गार आणि छळछावण्यांत डांबलेले धर्मगुरू यांची यादी वाचली जाते. दोन्ही बाजूंच्या हाती खरे पुरावे असतात आणि तरीही वाद पुढे सरकत नाही, कारण बहुतेक वेळा भांडण हिटलरविषयी नसतेच. त्याचे पाप धर्माच्या पदरात घालायचे की धर्म नाकारणाऱ्यांच्या, हे आधीच ठरलेले असते आणि पुरावे त्या बेताने वेचले जातात. म्हणून या वादात उतरणाऱ्याने पहिली अट स्वतःलाच घालून घ्यावी : हिटलर ख्रिस्ती ठरला तर तेवढ्याने ख्रिस्ती धर्म दोषी ठरत नाही, आणि तो ख्रिस्ती ठरला नाही तर तेवढ्याने जर्मनीतील चर्च निर्दोष सुटत नाहीत.

त्यानंतर ख्रिस्ती कोणाला म्हणायचे हे समोरच्याशी बोलून ठरवावे, आणि ते पुरावे मांडण्यापूर्वी ठरवावे. नोंदवहीतील नाव हा निकष घेतला तर उत्तर सोपे आहे. १८८९ मध्ये ऑस्ट्रियातील ब्राउनाऊ येथे जन्मलेल्या हिटलरचा कॅथलिक पद्धतीने बाप्तिस्मा झाला, १९०४ मध्ये लिंझ येथे त्याचा दृढीकरण संस्कार (बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणारा विधी) झाला, आणि मोठेपणी त्याने चर्चचे सभासदत्व औपचारिकपणे सोडले नाही. चर्चनेही त्याला नाव घेऊन बहिष्कृत केले नाही. या अर्थाने तो मरेपर्यंत कॅथलिक होता, हे तो ख्रिस्ती नव्हता म्हणणाऱ्यांनी कुरकुर न करता मान्य करावे. मात्र या मान्यतेतून त्याच्या मनातील श्रद्धेविषयी फारच थोडे हाती लागते. वयाच्या पंधराव्या वर्षी, आईच्या इच्छेने झालेला संस्कार हा कोणाच्याही प्रौढ मताचा पुरावा होऊ शकत नाही.

श्रद्धेचा आशय हा निकष घेतला तर प्रश्न बदलतो. येशू हा देवाचा पुत्र आहे, तो मानवजातीच्या पापांसाठी क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि त्याने दिलेले तारण कोणत्याही एका वंशापुरते नाही, या गोष्टी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही मानतात. हिटलर यांपैकी काय मानत होता, असा हा प्रश्न आहे आणि खरा वाद येथेच घालण्यासारखा आहे.

तिसरा निकष आचरणाचा. ‘असा नरसंहार करणारा माणूस ख्रिस्ती असूच शकत नाही’ हे वाक्य ऐकायला बळकट वाटते, पण त्याने वाद जिंकता येत नाही. हाच न्याय लावला तर धर्मयुद्धांत कत्तली करणारे आणि पाखंड्यांना जाळणारे सगळेच ख्रिस्ती इतिहासातून बाहेर पडतात आणि ‘ख्रिस्ती’ हे केवळ सद्‌वर्तनाचे प्रशस्तिपत्र उरते. या आक्षेपाचे एक अधिक नेमके रूप मात्र विचारात घ्यावे. आज्ञा मोडणारा माणूस वेगळा, आणि दुर्बलाविषयीची करुणा हीच मुळात निसर्गाविरुद्ध आहे असे मत बाळगणारा वेगळा. पहिला पापी ख्रिस्ती असू शकतो. दुसऱ्याविषयीचा प्रश्न पुन्हा श्रद्धेच्या आशयाकडेच नेतो.

निकष ठरला की प्रत्येक उद्गाराला तीन प्रश्न विचारावेत : तो कधी काढला, कोणासमोर काढला, आणि आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आला. हे तीन प्रश्न टाळून केलेली अवतरणांची फेकाफेक या वादात सर्वाधिक आढळते.

उदाहरण म्हणून १२ एप्रिल १९२२ चे म्युनिक येथील भाषण घ्यावे, कारण हिटलरला ख्रिस्ती ठरवणारे सर्वप्रथम तेच उद्धृत करतात. त्यात तो म्हणतो की ख्रिस्ती या नात्याने त्याची भावना त्याला आपल्या प्रभूकडे आणि तारणहाराकडे एक लढवय्या म्हणून पाहायला लावते. हे वाक्य अस्सल आहे. पण ते एका उत्तराचा भाग आहे. बव्हेरियाचे तत्कालीन मुख्यमंत्री काउंट लेर्खेनफेल्ड यांनी प्रांतिक विधिमंडळात सांगितले होते की माणूस आणि ख्रिस्ती या नात्याने आपल्याला ज्यूद्वेष्टे होता येत नाही. हिटलरने त्यांचेच शब्द उचलून उलटवले आणि मंदिरातून व्यापाऱ्यांना चाबकाने हाकलणारा येशू श्रोत्यांपुढे उभा केला. वक्त्याची ही चाल लक्षात घेतली की वाक्याचे वजन बदलते, तरी ते शून्य होत नाही. कारण पुढे तो क्रुसावरील मृत्यूचाही अर्थ लावतो, आणि तो अर्थ पापक्षमेचा नसून ज्यूंविरुद्धच्या लढ्यात सांडलेल्या रक्ताचा आहे. म्हणजे ज्या भाषणात तो स्वतःला सर्वांत ठळकपणे ख्रिस्ती म्हणवतो, त्याच भाषणात ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा काढून त्या जागी दुसरेच काही बसवलेले दिसते. त्याला ख्रिस्ती ठरवणाऱ्याने हे वाक्य पुढे केल्यास ते खोटे ठरवण्याच्या फंदात पडू नये. उलट ते पूर्ण परिच्छेदासह मोठ्याने वाचावे.

२३ मार्च १९३३ च्या राइशटागमधील (जर्मन संसदेतील) भाषणाची गोष्ट वेगळी आहे. तेथे त्याने दोन्ही ख्रिस्ती पंथांना राष्ट्रजीवन टिकवणारे अत्यंत महत्त्वाचे घटक म्हटले, आणि त्याच दिवशी सर्वाधिकार देणाऱ्या विधेयकासाठी त्याला दोन तृतीयांश मते हवी होती, ज्यांत कॅथलिकांच्या सेंट्रम पक्षाची मते मोलाची होती. मते मिळाली. अवघ्या पाच दिवसांनी जर्मन बिशपांनी नाझी पक्षावरील आपली सरसकट मनाई मागे घेतली. अशा उद्गारातून श्रद्धा सिद्ध करणे म्हणजे निवडणुकीच्या जाहीरनाम्यातून उमेदवाराचा स्वभाव ओळखण्यासारखे आहे.

खासगी उद्गार अधिक विश्वासार्ह असतील असे वाटते, पण येथे कागदपत्रांची अवस्था जास्त बिकट आहे. मुख्यालयातील भोजनप्रसंगीच्या त्याच्या संभाषणांची टिपणे मुख्यतः हाइनरिख हाइम आणि हेन्री पिकर यांनी १९४१-४२ मध्ये, नाझी पक्षाचा वरिष्ठ अधिकारी मार्टिन बोरमान याच्या व्यवस्थेखाली घेतली, आणि बोरमान हा त्या वर्तुळातील चर्चचा कट्टर वैरी होता. टिपणे ध्वनिमुद्रित नव्हती. बरीचशी आठवणीवरून पूर्ण केली गेली. त्यातच १९५३ ची बहुचर्चित इंग्रजी आवृत्ती अनेक ठिकाणी मूळ जर्मनवरून न करता फ्रेंच भाषांतरावरून केलेली असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले असून धर्मावरील काही वाक्ये तीत मुळापेक्षा जहाल झाली आहेत. म्हणून या संग्रहातील वाक्य वापरायचे असेल तर ते जर्मन पाठात आहे ना हे पाहिल्याशिवाय वापरू नये. सगळा संग्रह केराच्या टोपलीत टाकणेही तितकेच चुकीचे आहे, कारण चर्चविषयीचा तिटकारा त्यात एखाद्या ठिकाणी नसून पुनःपुन्हा येतो.

इतर साक्षीदारांचीही अशीच उलटतपासणी करावी. नाझी पक्ष सोडून गेलेला नेता हेर्मान राउश्निंग याने १९३९ च्या सुमारास प्रसिद्ध केलेली हिटलरशी झालेली संभाषणे आज इतिहासकार विश्वसनीय मानत नाहीत, त्यामुळे ती आपल्या बाजूची असली तरी सोडून द्यावीत. ‘मी पूर्वीप्रमाणेच कॅथलिक आहे आणि कायम राहीन’ हे वाक्य लष्करी सहायक गेरहार्ड एंगेल याच्या टिपणांतून येते, पण ती टिपणे रोजनिशी म्हणून प्रसिद्ध झाली तरी युद्धानंतर पुन्हा लिहून काढलेली आहेत. प्रचारमंत्री गोबेल्सची रोजनिशी त्या मानाने भक्कम पुरावा आहे, कारण ती त्याच काळात लिहिली गेली. डिसेंबर १९३९ मध्ये त्याने नोंदवले की फ्यूरर गाढ धार्मिक, पण पूर्णपणे ख्रिस्तविरोधी आहे आणि ख्रिस्ती धर्माला तो ऱ्हासाचे लक्षण मानतो. गोबेल्सला स्वतःला चर्चचा राग होता, हे येथे प्रामाणिकपणे सांगून टाकावे. तरीही ‘गाढ धार्मिक’ हे शब्द त्याच्या सोयीचे नव्हते आणि म्हणूनच त्यांना किंमत आहे.

आता हे सगळे जुळवून पाहिले तर एक गोष्ट दोन्ही पक्षांच्या नजरेतून निसटते. १९२२ चा जाहीर वक्ता आणि १९४१ चा खासगीत बोलणारा हुकूमशहा यांच्यात समजले जाते तेवढे अंतर नाही. ऑक्टोबर १९४१ च्या टिपणातही येशू हा ज्यूंविरुद्ध उभा राहिलेला आणि स्वतः ज्यू नसलेला पुरुष आहे, आणि त्याच्या शिकवणीचा विपर्यास केल्याचा आरोप ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रसारक संत पौल याच्यावर आहे. आर्य येशूची ही कल्पना हिटलरची नव्हे; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वंशवादी लेखकांच्या वर्तुळात ती रुळलेली होती आणि जर्मनीत स्थायिक झालेला ब्रिटिश लेखक ह्यूस्टन स्ट्यूअर्ट चेंबरलेन याने तिला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला होता. तेव्हा हिटलर आधी ख्रिस्ती होता आणि पुढे त्याने धर्म सोडला, असे सरळ चित्र रंगवण्याऐवजी असे म्हणणे अधिक टिकते की येशूची ही वंशवादी प्रतिमा त्याच्याजवळ अखेरपर्यंत राहिली, आणि सत्तेत बस्तान बसल्यावर खासगीत चर्चविषयीचा आदर मात्र दाखवण्यापुरताही उरला नाही. माझ्या मते नोंदवहीत कॅथलिक, श्रद्धेने ख्रिस्ती नव्हे आणि नास्तिकही नव्हे, इतपत विधान पुराव्यांनी पेलते. आपल्या जीवनकार्याला राखणाऱ्या एका दैवी योजनेवर त्याचा विश्वास होता. २० जुलै १९४४ रोजी त्याच्या हत्येसाठी झालेल्या बॉम्बहल्ल्यातून वाचल्यावर केलेल्या रेडिओ भाषणात त्याने आपले वाचणे हा त्या योजनेचाच कौल मानला. ही श्रद्धा निसर्गालाच देव मानणारी होती की जग निर्मून अलिप्त राहणाऱ्या देवावरची, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत आणि ते तसेच राहू द्यावेत.

काही युक्तिवाद दोन्ही बाजूंनी सोडून दिल्यास बराच वेळ वाचेल. जर्मन सैनिकांच्या पट्ट्यावरील ‘देव आमच्यासोबत’ ही अक्षरे प्रशियाच्या सैन्याकडून वारशाने आलेली होती, त्यांतून हिटलरचे मन वाचता येत नाही. तो प्राचीन जर्मन देवतांचा उपासक होता हेही खरे नाही : एसएस या संघटनेचा प्रमुख हिमलर आणि पक्षाचा विचारवंत रोझेनबर्ग यांना त्या गोष्टींचे वेड असले तरी हिटलरने ‘माइन काम्फ’मध्ये अस्वलाचे कातडे पांघरून पत्र्याच्या तलवारी परजणाऱ्या देशभक्तांची यथेच्छ थट्टा केली आहे आणि १९३८ च्या न्यूरेंबर्ग मेळाव्यात आपली चळवळ हा पूजापंथ नव्हे असे बजावले आहे. आत्महत्येवरून निष्कर्ष काढणेही टाळावे.

राजवटीच्या कृती पुराव्यात आणताना जपून आणाव्यात. २० जुलै १९३३ रोजी कॅथलिक चर्चच्या हक्कांची हमी देणारा करार व्हॅटिकनशी झाला. १९३७ च्या मार्चमध्ये पोप अकरावे पायस यांचे करारभंगाचा निषेध करणारे जर्मन भाषेतील परिपत्र चर्चच्या व्यासपीठांवरून वाचले गेले. त्याच वर्षी चर्चमधील नाझी हस्तक्षेपाला विरोध करणारे पास्टर मार्टिन नीमोलर यांना अटक झाली. डाखाऊच्या छावणीत सुमारे २,७०० धर्मगुरू कैदेत होते आणि त्यांत पोलिश कॅथलिक सर्वाधिक होते. या सगळ्यांतून राजवटीला दुसरी कोणतीही निष्ठा खपत नव्हती हे कळते, पण राज्यकर्त्याने चर्चचा छळ केला म्हणून तो ख्रिस्ती नव्हता असा निष्कर्ष निघत नाही. ख्रिस्ती राजांनीही बिशपांना कैदेत टाकलेले आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये म्युन्स्टरचे बिशप गालेन यांनी मनोरुग्ण आणि अपंगांच्या हत्येविरुद्ध उघड प्रवचन दिले तेव्हा त्यांना हात लावला गेला नाही, कारण वेस्टफालियातील जनता युद्धकाळात बिथरेल अशी गोबेल्सला भीती होती आणि हिशेब युद्धानंतर चुकवायचा असे ठरले. येथे श्रद्धा नव्हे, हिशेब दिसतो.

शेवटी उरतो तो प्रश्न वेगळ्या बैठकीत घ्यावा, आणि माझ्या मते तोच अधिक अवघड आहे : हिटलर नव्हे, त्याला साथ देणारे कोण होते? १९३९ च्या जनगणनेत सुमारे ५४ टक्के लोकांनी स्वतःला प्रोटेस्टंट आणि सुमारे ४० टक्के लोकांनी कॅथलिक म्हणून नोंदवले; चर्च सोडून केवळ ‘ईश्वर मानणारे’ अशी नोंद करणारे साडेतीन टक्के होते. नाझी पक्षाच्या १९२० च्या कार्यक्रमातील २४ व्या कलमाने ‘सकारात्मक ख्रिस्ती धर्मा’चा पुरस्कार केला होता, आणि त्या भाषेवर विश्वास ठेवणारे पाद्री थोडे नव्हते. ‘जर्मन ख्रिस्ती’ या नाझीसमर्थक प्रोटेस्टंट चळवळीच्या नोव्हेंबर १९३३ च्या बर्लिनमधील सभेत बायबलमधील जुना करार (ज्यूंचा धर्मग्रंथ असलेला भाग) टाकून देण्याची मागणी झाली. तिच्या विरोधात मे १९३४ मध्ये विरोधी प्रोटेस्टंटांचे बार्मेन येथील घोषणापत्र निघाले, पण त्यातही ज्यूंच्या छळाविषयी शब्द नव्हता. १९३९ मध्ये आयझेनाख येथे प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञांनी चर्चमधील ज्यू प्रभाव पुसून टाकण्यासाठी संस्थाच काढली. या माणसांच्या ख्रिस्तीपणाविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. त्यांच्याविषयीचे पुरावे हिटलरच्या जेवणाच्या टेबलावर सापडत नाहीत. ते चर्चची दप्तरे, प्रवचने आणि परगण्यांच्या नोंदवह्या यांत आहेत, आणि नाझी अधिकाऱ्यांना आर्य वंशाचा दाखला देण्यासाठी बाप्तिस्म्याच्या याच नोंदवह्या उघडल्या जात होत्या.